दोघांनी पाहिलेलं पाणमांजर

तळ्याच्या पश्चिम टोकाला लव्हाळ्यांच्या आड, लपून प्राणी न्याहाळायला बांधलेलं एक लाकडी लपण आहे. बाहेरून वाळक्या काटक्यांचा ढीग वाटावा. आत दोघांपुरता बाक आणि डोळ्यांच्या उंचीवर हातभर लांब फट. ते ज्या सुताराने बांधलं, त्याची ही हकिकत. जनावराला माणसाचा वास येतो तसा नव्या लाकडाचाही येतो, म्हणून फळ्या त्याने वर्षभर ऊनपावसात टाकून ठेवल्या आणि मगच ठोकल्या. एकही खिळा उन्हात चमकू दिला नाही. आपल्या शब्दालाही तो असाच जपत असे.

त्या शब्दाला तडा गेला तो पाच वर्षांपूर्वी. दर उन्हाळ्यात पाणी आटतं आणि सगळं रान उरलेल्या तळ्याकडे ओढलं जातं. तेव्हा एक दिवस राखीव रानात प्राण्यांची मोजणी होते. प्रत्येक लपणात दोघं, उजाडल्यापासून उन्हं उतरेपर्यंत. नियम एकच: दोघांनी पाहिलं तेच मोजणीत धरायचं, आणि प्रत्येक ओळीपुढे दोघांची सही. त्या वर्षी सुताराने पाणमांजर पाहिलं. त्या रानात ते आजवर कुणी पाहिलं नव्हतं. पण जोडीला असलेले शाळेतले मास्तर नेमके त्याच वेळी बाकावर मान टाकून घोरत होते. ते जागे होईस्तोवर पाण्यावर नुसते तरंग उरले.

तेव्हापासून लोक त्याला 'पाणमांजरवाले' म्हणू लागले. दुकानात खिळे घ्यायला गेला की कुणीतरी विचारायचं, "काय पाणमांजरवाले, काल जेवायला आलं होतं का घरी?" सुतार हसत नसे, रागावत नसे. खिळे मोजून घेई आणि निघे.

यंदा गुडघे कुरकुरू लागले होते. लपणाकडे उतरायला सात पायऱ्या, आणि सातही आता जाणवत होत्या.

"ही माझी शेवटची मोजणी," तो बायकोला म्हणाला.

"आणि नाही दिसलं तर?"

"तर लोक म्हणतात तेच खरं."

जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरतात. त्याच्या वाट्याला आला त्याचाच मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. हा मेहुणा तळ्यात पाहुण्यांना नावेतून फिरवी आणि वल्ह्यापेक्षा तोंड जास्त चालवी. बाकावर टेकल्या टेकल्या त्याने सांगून टाकलं, "दाजी, आधीच बोलून ठेवतो. बगळा बघेन, कोल्हा बघेन. पण तुमचं ते पाणमांजर आलं, तर माझ्या डोळ्यात कचरा गेलाय असं समजा."

"का रे बाबा?"

"का म्हणजे? तळ्यात असल्या दुर्मिळ जनावराची पिल्लं सापडली, की ती मोठी होईस्तोवर नाव बंद, असा इथला कायदा. ऐन हंगामात माझी नाव काठावर पालथी. बायकोच्या भावाला उपाशी मारणार तुम्ही?"

"बायकोच्या भावाला तीस वर्षं जेवू घालतोय. आणखी तीन महिने घालीन."

मेहुण्याने तोंड फिरवलं.

सकाळ संथ गेली. खंड्याने चार वेळा सूर मारला, एकदाच मासा मिळाला. हरणांचा कळप आला, पाणी प्यायला आणि आला तसा सावलीत विरघळून गेला. कोल्हा मात्र एकटा आला आणि पाण्याआधी बराच वेळ काठाकडे पाहत राहिला. दोघांनी पाहिलं, दोघांनी लिहिलं. मग ऊन डोक्यावर आलं. लपणात फळ्या तापल्या, बाटलीतलं पाणी चहासारखं लागू लागलं, आणि बाहेर पानही हलेना.

त्या निपचित वेळेला, समोरच्या खडकाजवळ पाणी फाटलं. आधी एक चपटं डोकं, मग तेलात बुडवून काढल्यासारखी लांब पाठ. आई खडकावर चढली. तिच्यामागून दोन पिल्लं.

सुताराने मेहुण्याच्या कोपराला बोट लावलं. मेहुण्याने टोपी ओढून नाकापर्यंत घेतली.

"बघ."

"मी झोपलोय."

"झोपलेला माणूस बोलत नाही."

"मी झोपेत बोलतो. ताईला विचारा."

 सुतार फटीतून पाहत राहिला. एक पिल्लू आईमागे गेलं. दुसरं खडकावर चढलं, घसरलं, पुन्हा चढलं, पुन्हा घसरलं. शेवटी कंटाळून पाण्यातच उताणं पडलं आणि पोटावर पंजे ठेवून तरंगू लागलं. शेजारून फसकन हसू फुटलं.

"काय झालं?"

"स्वप्न पडलं," टोपीखालून उत्तर आलं.

संध्याकाळी कचेरीत सगळ्या जोड्या जमल्या. अधिकारी बाई एकेक कागद वाचत होत्या. पश्चिम लपणाच्या कागदावर एका ओळीपुढे एकच सही होती.

"पाणमांजर, दोन पिल्लांसह," त्यांनी वाचलं आणि मेहुण्याकडे पाहिलं. "तुम्ही पाहिलंत?"

"नाही बाई. डोळ्यात कचरा गेला होता."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. बाई मऊ आवाजात सुताराला म्हणाल्या, "काका, एकट्याचं धरता येत नाही. मुंगूस असेल. उन्हाच्या तिरिपेत चूक कुणाचीही होते."

"बरं," सुतार म्हणाला आणि पिशवी उचलून उठला.

मेहुणा जमिनीकडे पाहत होता. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या दिवशी तो किती वेळ गप्प बसू शकला, याचं पाहणाऱ्यांना नवलच वाटलं.

"मुंगूस?" तो एकदम ओरडला. "मुंगूस कधी पाण्यात उताणं पडतं का, बाई? पोटावर पंजे ठेवून? दोन वेळा खडकावरनं घसरलं ते, आणि आईने वळून पाहिलंसुद्धा नाही! मुंगूस म्हणे!"

 बाईंनी पेन पुढे केलं. मेहुण्याने दाजींकडे एकदा खाऊ की गिळू असं पाहिलं आणि सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी नाव काठावर पालथी झाली. आठ दिवस मेहुणा दाजींशी बोलला नाही. जे सांगायचं ते बहिणीला सांगे, तेही ओसरीवरून, रंध्याच्या आवाजावर चढेल इतक्या मोठ्याने. सुतार लाकूड तासत राही. दुकानात मात्र त्याला आता कुणी काही विचारेना.

नवव्या दिवशी मेहुणा कामाच्या जागी आला आणि फळ्यांच्या थप्पीवर बसला. बराच वेळ भुसा पायाने चिवडत राहिला.

"केवढी झाली असतील आता, दाजी?"

सुताराने रंधा खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी लांबी दाखवली.

"छे! काहीतरीच," मेहुणा म्हणाला. "ते आळशी तेवढं असेल. दुसरं केव्हाच मोठं झालं असणार."