बेचाळिसावा बरा झालेला रोगी

लष्कर भाग, ग्वाल्हेर. तक्रार अशी की, दिनांक ३ सप्टेंबर १९५६ रोजी वरिष्ठ लेखनिक मधुसूदन पागनीस, वय वर्षे शेहेचाळीस, यांचा उजवा कोपर सरकारी कामात निकामी झाला असता त्यांना सहा आठवड्यांची रजा नाकारण्यात आली.

कोपर कामी आला तो लढाईत नव्हे, यादीत. मध्य भारत नावाचे आठ वर्षांचे राज्य एक नोव्हेंबरला मोडून नव्या मध्य प्रदेशात मिसळायचे होते, आणि त्यात एकत्र येणाऱ्या चार राज्यांच्या नोकरांची एकच ज्येष्ठता-यादी व्हायची होती. कोण कोणाच्या वर बसणार, याचा दर आठवड्याला नवा निर्णय होई, आणि दर आठवड्याला मधुसूदन ती यादी पहिल्या नावापासून पुन्हा उतरवून काढीत. ऑगस्टअखेर त्यांना पाण्याचा पेला उचलवेना. इस्पितळातल्या सर्जनने कोपर दाबून पाहिला आणि सांगितले, औषध काही नको, सहा आठवडे लेखणी धरू नका.

"पागनीसजी, छुट्टी किस नियम से दें?" कचेरीतले साहेब अगदी कळवळून म्हणाले. "पुराने नियम जा रहे हैं, नए अभी आए नहीं."

एक नियम मात्र आला होता. लिहिण्यास समर्थ असल्याचा दाखला ३१ ऑक्टोबरपूर्वी द्यावा आणि भोपाळला रुजू व्हावे. अन्यथा सक्तीची निवृत्ती. मधुसूदनांची नऊ वर्षांची नोकरी शिल्लक होती आणि मुलगी शामला यंदा मॅट्रिकला होती.

दाखल्याचा अधिकार होता डॉ. शरच्चंद्र टेंबे यांच्याकडे. नई सडकेवरील आपल्या दवाखान्यात ते रक्ताची सुई देत. रोग्याच्या हाताच्या शिरेतून रक्त काढायचे आणि लागलीच त्याच्याच कमरेखाली टोचायचे. मग दुखणे कोपराचे असो वा गुडघ्याचे.

"आपलंच रक्त, पागनीस. त्यात परकं काय आहे अपाय व्हायला?" डॉक्टर म्हणाले. "एकेचाळीस रोगी घेतले, एकेचाळीस बरे."

"आणि सुई न घेता त्यातले किती बरे झाले असते?"

"जे घडलंच नाही, त्याची नोंद मी कशी ठेवू?"

घरी पत्नी इंदुताईंनी सगळे ऐकून घेतले. "रक्त तुमचं, कबूल. सुई कोणाकोणाची?"

सुई ज्या पाण्यात बुचकळली गेली, त्यातून वाफ निघत नव्हती, हे मधुसूदनांनी दवाखान्यात पाहिले होते.

"अगं, दाखला त्यांच्याच हातात आहे."

"मग दाखलाच टोचून घ्या!"

तिसऱ्या सुईनंतर हुडहुडी भरून ताप आला. कमरेखाली संत्र्याएवढे गळू धरले, आणि त्याच सर्जनला ते कापावे लागले. कचेरीने त्याच दिवशी रजा दिली. गळू कापल्यास रजा मिळावी, हा एकच नियम चारही राज्यांत विलीनीकरणापूर्वीच एकसारखा होता.

सहा आठवडे मधुसूदन पालथे पडून राहिले. घरची पत्रेसुद्धा शामला लिही. सहाव्या आठवड्यात त्यांनी सहज भरलेला तांब्या उचलला, आणि कोपर दुखला नाही.

२९ ऑक्टोबरला ते दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टरांनी आनंदाने नोंदवही उघडली. "बेचाळिसावे तुम्ही!"

आयुष्य वह्या ताडून पाहण्यात गेलेल्या माणसाची नजर शेऱ्यांच्या रकान्यावर गेली. बहुतेक ओळींपुढे एकच शेरा होता: 'पुन्हा आला नाही, सबब बरा.' सतराव्या ओळीत जयसिंहराव होते. त्यांच्या तेराव्याला मधुसूदन स्वतः जेवून आले होते.

"डॉक्टरसाहेब, जयसिंहराव तर मे महिन्यात वारले."

"गुडघ्यानं वारले का?"

"नाही, पण..."

"मग झालं तर! गुडघ्याची तक्रार घेऊन काही ते परत आले नाहीत."

"आणि माझं गळू?"

"गळू कमरेला झालं. आपण उपचार कोपरावर करत होतो."

डॉक्टरांनी टेबलावर दोन कागद मांडले. एक नोकरीचा दाखला; त्यावर डॉक्टरांची सही व्हायची होती. दुसऱ्या कोऱ्या कागदावर मधुसूदनांनी स्वहस्ते लिहून द्यायचे होते की, रक्ताच्या सुईने आपला हात पूर्ण बरा झाला आणि काडीइतकाही अपाय झाला नाही.

"आधी तुमचा कागद," डॉक्टर लेखणी पुढे करत म्हणाले.

मधुसूदनांनी शामलेची मॅट्रिक आठवली, नऊ वर्षे मोजली आणि लिहून दिले. अक्षर इतके वळणदार उतरले की उपचाराला आणखी पुरावा लागलाच नाही. विश्रांतीसाठी त्या वहीत रकानाच नव्हता.

दाखला मिळाला, नोकरी टिकली. मधुसूदनांनी लिहिलेला कागद चौकटीत बसवून दवाखान्याच्या दारात टांगला गेला आहे. मागल्या आठवड्यात शेजारच्या लीलाबाई आपला गुडघा घेऊन तिथे पोचल्या. "पागनीसांच्या हातचं आहे, म्हणजे खरंच असणार," असे त्या इंदुताईंना सांगून गेल्या.

वाचकांकडे मागणी एवढीच: तो कागद खोटा आहे. त्याच्या भरवशावर कोणीही तिथे हात पुढे करू नये. आणि लीलाबाईंची दुसरी सुई मंगळवारी आहे, त्यांना कोणी ओळखत असेल तर त्याआधी जाऊन सांगावे.