माणूस नसलेले फोटो

दौंडला रेल्वेत असताना मला फोटोचा नाद लागला. रात्रपाळी संपली की डोळे चुरचुरायचे, पण क्वार्टरमध्ये झोप म्हणून यायची नाही. मग निवृत्त झालेल्या एका गार्डकडून घेतलेला जुना कॅमेरा गळ्यात अडकवून मी भीमेच्या काठावर जायचो. आभाळ, पाणी, पलीकडचा ऊस. फोटो धुऊन आले की आभाळ पांढरंफटक आणि जमीन डांबरासारखी काळी. क्षितिज नेमकं मधोमध. बायको अल्बम चाळायची आणि विचारायची, यात बघायचं काय? खरं सांगायचं तर तेव्हा मलाही ते माहीत नव्हतं.

अशात आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायू झाला. ते शिरूरकडच्या आमच्या गावी, घोड नदीकाठी राहायचे. पुढे बागायत केली तरी त्यांचा जीव गावामागच्या माळात होता. पोरवयापासून डोक्याला मुंडासं बांधून मेंढरं राखली होती तिथं. आता भावकीनं तो माळ एका कारखान्याला दिला होता आणि दिवाळीनंतर तिथं सपाटीकरण सुरू होणार होतं. त्याआधी माळ एकदा बघायचा, एवढंच आबांचं मागणं. गाडीवाट सगळी खड्ड्यांची, डॉक्टरांनी हलवायला मनाई केलेली. बाजेवर घालून नेतो म्हटलं तर ते उखडले.

"उचलून न्यायची येळ येईल तवा न्या. तू फोटू काढून आण."

मी भर दुपारी जाऊन काढून आणले. त्यांनी चांगल्या हातानं फोटो डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "ह्यो कुठला मुलूख म्हणायचा?" ज्या जमिनीवर जन्म काढला ती त्यांना ओळखू आली नाही. मला आतून फार लागलं. त्यांना काय बोलणार, रागावलो तो कॅमेऱ्यावर.

त्यानंतर जरा डोकं लावलं. कॅमेऱ्यातली उजेड मोजणारी सुई लख्ख आभाळ बघून फसते आणि जमीन काळी पडते. म्हणून आधी कॅमेरा खाली जमिनीकडे वळवायचा, तिथला उजेड मोजायचा, तेच आकडे कायम ठेवून मग समोर धरायचा. आभाळाला वर पट्टीएवढीच जागा द्यायची. बोरीचं झाड मधून काढून कडेला सारायचं, मुरमाची वाट कोपऱ्यातून आत येऊ द्यायची. आणि दुपारच्या उन्हाच्या नादी लागायचंच नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण रात्रभर जागलेल्या माणसाला ही अक्कल यायला कितीतरी रोल खर्ची पडले.

दिवाळीच्या सुमारास रजा मिळेना. शेवटी पाळी संपवून अंधारातच एसटी धरली, फाट्यावर उतरलो आणि घरी न जाता थेट माळावर गेलो. ऊन अजून तिरकं होतं. पहिला फोटो घेतला आणि लक्षात आलं की सूर्य पाठीशी आहे, माझीच लांबलचक सावली समोर पसरली आहे. स्वतःला शिव्या घालत बाजूला सरकलो. आता उजेड कडेनं पडत होता. दगडन् दगड, कुसळाची काडी न् काडी सुटी दिसत होती. उरलेला रोल मी तिथंच सावकाश संपवला. पाय दुखत होते, पोटात काही नव्हतं, पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं की हे जमलंय.

रोल शिरूरच्या स्टुडिओत टाकला आणि ड्यूटीवर परतलो. पुढच्या सुट्टीला आणायला गेलो तेव्हा एसटीच्या खिडकीतून माळावर फिरणारं पिवळं मशीन दिसलं. स्टुडिओवाल्यानं पाकीट दिलं. आत एकच फोटो होता.

बाकीचे कुठं, असं विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, बाकीच्यात माणूसच न्हवतं की. बटन चुकून दाबलं गेलं आसंल म्हणलं, तेवढी पट्टी कापून टाकली."

त्याचंही चुकलं असं म्हणवत नाही. आमच्या भागात रोल धुवायला दिला जातो तो लग्नाचा, जावळाचा, नव्या ट्रॅक्टरपुढे उभ्या राहिलेल्या माणसांचा. नुसत्या माळाचा फोटो कुणी मुद्दाम काढतं, हे त्याला कुठून कळावं? कचऱ्याची टोपली केव्हाच रिकामी झाली होती. भांडायला हवं होतं, पण अंगात तेवढंही त्राण नव्हतं. पाकीट खिशात घातलं आणि गावाकडे निघालो.

तो फोटो माझ्या सावलीचा होता. थंडी म्हणून डोक्याला टॉवेल गुंडाळला होता, त्याचं सावलीत ठसठशीत मुंडासं झालं होतं. सावलीच्या पलीकडे माळ, बोरी, नदीकडे उतरणारी वाट. मी आबांच्या हातात तो दिला आणि मान खाली घालून बसलो. बाकीचे खराब झाले, असं काहीतरी पुटपुटलो.

त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. मग वाकडं झालेलं तोंड हळूहळू हललं.

"आपलाच माळ," ते म्हणाले. सावलीवरून बोट फिरवत राहिले. "आन् ह्यो मी. उभा हाय की मी."

मी व्हय म्हणालो.