सरदारभाईंनी शिवलेली तंतुकणिका

सरदारभाई नदाफ इंदापुरात गाद्या शिवतात. बापजाद्यांचा धंदा कापूस पिंजायचा. आता पिंजायचं काम मशीन करतं आणि बोलायचं सरदारभाई. आवडता विषय एकच, नदाफांची ताकद. "आमच्या आज्यानं एकट्यानं कापसाची गासडी उचलली हुती," हे उशीचा भाव विचारायला आलेल्यालाही ऐकावं लागतं. मुलगी जास्मिन धावण्यात तालुक्यात पहिली आली, त्याचं श्रेयही आज्यालाच गेलं. घरात गॅसची टाकी मात्र बायको शबाना उचलून आणते.

यंदा बारामतीच्या एका कॉलेजात विज्ञान प्रदर्शन होतं. बारावीतली जास्मिन थर्माकोल कापत बसली होती.

"काय करती गं हे?"

"तंतुकणिका, अब्बा. मायटोकाँड्रिया. आपल्या पेशींत असतात. खाल्लेल्या अन्नातनं ताकद ह्याच काढतात."

ताकद म्हटल्यावर सरदारभाईंनी बैठक मारली.

"बाहेर एक पापुद्रा," जास्मिन म्हणाली. "आत दुसरा. तो लई मोठा, म्हणून घड्या घालून बसवलेला. काम तिथंच चालतं. जितक्या घड्या, तितकी कामाला जागा."

"म्हंजी खोळ आन् आत चुण्या! ठिव तो कटर."

गुलाबी साटीनची खोळ, आत पिवळ्या कापडाच्या गच्च चुण्या. काम झकास झालं, फक्त माप सिंगल बेडचं पडलं. दुसरं माप त्यांच्या हाताला ठाऊकच नव्हतं.

धूळ लागू नये म्हणून वर पांढरी चादर गुंडाळून ती टेम्पोत आडवी ठेवली. शेजारी तिघं तिला धरून बसले. टेम्पो स्टँडपाशी थांबला, तसे ओळखीतले कुंडलिकतात्या टोपी काढून पुढं आले.

"कोण गेलं रं, सरदार?"

"कुणी न्हाय, तात्या. मायटोकाँड्रिया हाय."

"अरारा! कुठल्या गावचा?"

प्रदर्शनात परीक्षक आले, निवृत्त प्राध्यापक. जास्मिननं धडाधड सांगितलं, "अन्न आणि ऑक्सिजन वापरून प्रोटॉन ह्या दोन पापुद्र्यांच्या मधे ढकलले जातात. तिथं गर्दी होते. मग आतल्या पापुद्र्यावरच्या बारीक चाकांतून ते परत आत येतात. उजनी धरणात तुंबलेलं पाणी चाक फिरवतं, तसंच. त्या फिरण्यातनं एटीपी तयार होतं, आणि पेशी त्यावर चालते."

"उत्तम," म्हणत परीक्षक तंतुकणिकेवरच टेकले. सकाळपासून उभे होते बिचारे.

सरदारभाईंना राहवेना. "सर, आमच्या घराण्यातच ह्या दणकट. आमच्या आज्यानं—"

"आज्याच्या कशा येतील?" परीक्षक म्हणाले. "तंतुकणिका मुलांना आईकडून मिळतात. बापाच्या पुढं जात नाहीत."

"आँ?" सरदारभाई म्हणाले. शबाना पदर सावरून पुढं झाली.

"सर, जरा मोठ्यांदा सांगा. त्यांना कमी ऐकू येतं."

परीक्षकांनी सांगितलं. आजूबाजूच्या चार टेबलांनी ऐकलं.

"मग गासडी कुणी उचलली?" सरदारभाई पुटपुटले.

"पणजोबांनीच, पण त्यांच्या आईच्या तंतुकणिकांवर," जास्मिन म्हणाली. बापाचा चेहरा बघून तिला दया आली. "निस्त्या त्यांच्यानं ताकद येत न्हाय, अब्बा. हाडं, उंची, बाकीचं तुमच्याकडनं बी आलंय."

सरदारभाईंनी तिथूनच पळसदेवच्या फुफीला, म्हणजे आत्याला, फोन लावला आणि आज्याच्या आईचं नाव विचारलं. फुफीला आठवेना. आज्याच्या आईला सगळे म्हातारीच म्हणायचे. फोन ठेवल्यावर त्यांनी शबानाला तिच्या आईच्या आईचं नाव विचारलं. लग्नापासून असं पहिल्यांदाच घडलं, असं शबाना म्हणते.

जास्मिनला दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षकांना मात्र तंतुकणिकेवरून हलवून उठवावं लागलं.

आता तंतुकणिका घरी पुढच्या खोलीत असते. दुपारी शबाना तिच्यावर आडवी होते. दुसरं कुणी टेकलं, की लगेच म्हणते, "उठा तिथनं. ती आईकडची हाय."