ज्ञानूच्या पटावरचा घोडा

भुतंखेतं, करणी, अंगात येणं यातलं मी काहीच मानत नाही, आजही नाही. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, तोही विज्ञानाचा. तरी हे लिहितोय, कारण आठवलं की अजून जीव जळतो...

नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं. सांगलीत एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी नोकरीला होतो. माझा मित्र ज्ञानू वडूजच्या हायस्कुलात गणित शिकवायचा. आम्ही एकाच वसतिगृहात वाढलो. ज्या सरांनी मला तिथं जागा मिळवून दिली, त्यांचे उपकार फिटणार नाहीत. बुद्धिबळही त्यांनीच शिकवलं. पण ते म्हणायचे, "तू अभ्यास करतोस, ज्ञानूला दिसतं." हे वाक्य मला कायम टोचलं. मी त्याला कधीच हरवू शकलो नाही.

लॅबमध्ये बुद्धिबळाचा प्रोग्रॅम आला तेव्हा मीच ज्ञानूला कळवलं – मशीनशी पोस्टानं खेळतोस का? मला त्याला एकदा हरताना बघायचं होतं, बस.

पोस्टाच्या खेळात पटावरच्या प्रत्येक घराला आकडे असतात. ज्ञानू कार्डावर आकडे पाठवायचा, मी त्यांची इंग्रजी अक्षरं करून मशीनला द्यायचो आणि मशीनची चाल उलट टपालानं कळवायचो. पावसाळाभर डाव चालला. ज्ञानू अडचणीत आला. मी खूश होतो. मग त्यानं घोडा मागे घेतला आणि तिथून डाव फिरला. दिवाळीनंतर मशीन हरलं. लॅबमधली पोरं ज्ञानूचं कौतुक करत होती, मी हसत होतो.

डाव कसा फिरला ते बघायला मी सगळी कार्डं काढून तो पुन्हा मांडला. घोड्याच्या त्या चालीला कार्डावर सहाव्या पट्टीतलं घर होतं, म्हणजे एफ. मी घाईत एच दाबलं होतं. एफवर घोडा ठेवून बघितला तर मशीन सरळ जिंकत होतं. पण पुढच्या कार्डावर ज्ञानूनं तोच घोडा एचवरून हलवला होता...

रविवारी वडूजची एसटी धरली.

"ज्ञानू, घोडा कुठं ठेवला हुतास?"

"हितं." बोट एफवर.

"आन पुढं हलवलास कुठनं?"

"एचवरनं." त्यानं बोट एचवर नेलं. "कार्ड पेटीत टाकून घरी आलो, तर घोडा तिकडं गेल्याला. म्हणलं, हिनं झाडताना सरकावला."

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. "आवं, त्या पटाला मी कशाला हात लावू? त्याच्यापायी घरात झाडू मारायची चोरी हाय."

"मग परत जागेवर का न्हाई ठेवलास?" मी विचारलं.

"तितंच बरा दिसला गड्या. चाल बदलली म्हून दुसरं कार्ड लिवणार हुतो, तवर तुझी चाल आली, ती बी एचवरच्या घोड्याला धरून. वाटलं, मीच एच लिवलं असंल."

मी त्याचं कार्ड पुढं ठेवलं, माझी चूक सांगितली. त्यानं वाचलं, उलटं करून बघितलं, पुन्हा वाचलं. त्याचा घोडा सरकला तेव्हा हे कार्ड वडूजच्या पेटीत होतं. माझं बोट चुकायला अजून दोन-तीन दिवस होते.

"तू चुकलास म्हून वाचलो म्हण की," तो हसला. "लय उपकार रं."

योगायोग म्हणून बघितलं, पटत नाही. दुसरं काही मानायला मन तयार नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटलीच नाही, राग आला. जे काही होतं, त्यानं वडूजला जाऊन त्याचा घोडा हलवला आणि सांगलीत येऊन माझं बोट वापरलं. मी अजूनही रोज पट मांडून बसतो. माझ्या पटावरचं प्यादंसुद्धा कधी आपणहून सरकलं नाही.