मसाल्याच्या पाकिटावरचे हात

नोकरी सुटल्यावर मी फोटोग्राफीचा छोटा कोर्स केला आणि नवीन पनवेलमधल्या एका फोटोग्राफर बाईंकडे मदतनीस म्हणून लागले. पहिलंच काम मसाल्याच्या पाकिटाचं होतं. जवळच्या विचुंबे गावातल्या एका सासूचा मसाला सून ऑनलाइन विकायची. दोघीही शूटला आल्या होत्या. सासूबाईंनी नवी हिरवी साडी नेसली होती आणि घरून जिताडा माशाचं कालवण डब्यात भरून आणलं होतं.

ते कालवण कॅमेऱ्यासमोर आलंच नाही. वर तेलाचा तवंग होता, रंग काळपट येत होता. मॅडमनी दुसरी कढई मांडली. त्यातला मासा मोडू नये म्हणून अर्धवट शिजवलेला, रस्सा लाल रंगाचा, आणि तजेला यावा म्हणून वरून ग्लिसरीन. मी थर्माकोलचा पांढरा तुकडा धरून उजेड कढईवर पाडत होते. सासूबाई वाकून बघत म्हणाल्या, "ह्यो मासा कच्चा हाय."

"फोटोत कळत नाही, मावशी," मॅडम म्हणाल्या.

मग पाट्यावर मसाला वाटणाऱ्या हातांचा फोटो होता. सासूबाई पदर खोचून पाट्याशी बसल्या. मॅडमनी स्क्रीनवर बघितलं आणि सुनेला बाजूला बोलावलं. खोली लहान होती, सगळं ऐकू येत होतं. नखं काळी, कातडी भेगाळलेली, गिऱ्हाइकाला स्वच्छ हात लागतात. सुनेने मान डोलावली. मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुझे हात दाखव."

सासूबाई उठल्या. "मसाला माजा हाय, मंग हात दुसरीचे कशाला?" असं त्यांनी सुनेला विचारलं, पण भांडायच्या सुरात नाही. सून म्हणाली, "आई, नुसता फोटो आहे."

फोटोत बांगड्या हव्या होत्या, माझ्या हातात घड्याळाशिवाय काही नव्हतं. सासूबाईंनी स्वतःच्या हिरव्या बांगड्या साबण लावून उतरवल्या आणि एकेक करून माझ्या हातात चढवल्या. त्यांचा तळवा खरखरीत आणि उबदार होता. मला त्यांच्याकडे बघवेना. वरवंटा कसा धरायचा ते मला येत नव्हतं, तेही त्यांनीच दाखवलं.

काम आटोपल्यावर मी मॅडमना म्हटलं, "एक फोटो त्यांच्या हातांचा घेऊ या का? निवड त्या दोघींना करू दे."

मॅडमना ते आवडलं नाही, पण त्यांनी घेतला. जेवताना सासूबाईंनी सगळ्यांना कालवण वाढलं. चव फार छान होती, पण मी दोन घास खाऊन सामान आवरायला उठले.

पाकीट छापून आलं. त्यावर माझेच हात होते. सुनेने फोनवर सांगितलं की माल चांगला खपतोय आणि लोणच्याच्या फोटोंसाठीही हात तेच हवेत. मी म्हटलं, "मी लाइट धरीन. हातांसाठी आईंना विचारा ना."

"पाकिटांवर हात वेगवेगळे दिसतील," ती म्हणाली. मॅडमचंही म्हणणं तेच पडलं. काम मला हवं होतं. मी गेले.

या वेळी सून एकटीच आली होती, बांगड्या दुकानातून नव्या आणलेल्या. मी विचारलं, "आई नाही आल्या?"

"बोलावलं होतं," ती बरण्या पुसत म्हणाली. "म्हणाल्या, माजं काय काम तिथं."

मी हात पुढे केले आणि ती बांगड्या भरू लागली.