सांबार आधी काढा

सारांश शिकवायची माझी पद्धत आमच्या शाळेतल्या एका मॅडमनी उचलली आणि अमरावतीत स्वतःची म्हणून मांडली. फसवलं त्यांनी, फसलो मी.

मी अकोल्यात दहावीला मराठी शिकवतो. घरचा धंदा भाजीचा. आईच्या गाडीवर घासाघीस शिकलो, ती वर्गातही सुटली नाही. फळ्यावर शंभर शब्दांचा उतारा लिहायचा आणि विचारायचं, "कितीत देता?" पोरं साठ म्हणतात, मी तिसावर आणतो. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. भाजी घेतली की मूठभर सांबार वरून फुकट. उताऱ्यातली विशेषणं, दाखले, पुन्हा पुन्हा सांगितलेलं, हा सगळा सांबार. तो आधी काढायचा, मग भाजी तोलायची.

स्वतःच्या शब्दांत लिहा म्हटलं की पोरं पुस्तकातलीच वाक्यं मागंपुढं करतात. म्हणून मी पुस्तक मिटायला लावतो आणि शेजारच्याला वऱ्हाडीत सांगायला सांगतो. पुस्तकी शब्द वऱ्हाडीत टिकतच नाही. वृक्षतोडीच्या उताऱ्यावर एक पोरगी शेजारणीला म्हणाली, "झाडंच नाई ठेवले तं पानी काहून पडन वं?" अर्थ पोचला. आता हेच प्रमाण मराठीत लिहायचं.

मॅडम पुण्याकडच्या. दोन वर्षं माझ्या तासाला मागच्या बाकावर बसून टिपून घेत. मला त्याचा केवढा अभिमान! पुढे त्या अमरावतीच्या शाळेत गेल्या.

यंदा शिक्षकांच्या प्रशिक्षणाला मी अमरावतीला गेलो, तर मंचावर त्याच. पडद्यावर मोठ्या अक्षरांत: सांबार आधी काढा. खाली चित्र इडलीचं! "इडली म्हणजे मुख्य मुद्दा," मॅडम म्हणाल्या, "आणि सांबार म्हणजे वरून ओतलेला पसारा."

सभागृह हसलं. मला वाटलं, सापडली चोरी. पण शेजारचे सर डोळे पुसत म्हणाले, "मॅडमले आपला सांबार माईत नाई वाट्टे. पन समजावून काय राहिल्या, भारी!" आणि त्यांनी मोबाईलमध्ये पडद्याचा फोटो काढला. माझ्या फळ्याचा फोटो आजवर कोणी काढलेला नाही. त्यांचा आवाज गोड, हात मोकळे. तेच वाक्य माझ्या तोंडून खेकसल्यासारखं येतं.

चहाच्या वेळी त्यांना गाठलं.

"सर, तुम्ही! हे तुमच्यामुळंच सुचलं हं मला."

"सुचलं नाही मॅडम, ऐकलं. पुस्तिका निघते म्हणे याची. वरच्या पानावर माझं नाव पाहिजे."

"अहो, वरचं पान छपाईला गेलं. ऋणनिर्देशात टाकू की."

"आतल्या पानावर. तुमच्या नावाच्या बरोबरीनं."

"नावाखाली, लहान अक्षरांत चालेल?"

इथं गप्प बसून वाट पाहिली असती तर त्या आणखी वर आल्या असत्या. आईनं हेच शिकवलं होतं. पण 'लहान अक्षरांत' ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. "इडली खाऊन वऱ्हाडी शिकवून राहिल्या तुमी!" मी ओरडलो. सगळे शिक्षक वळून पाहायला लागले. मॅडमनी कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, नंतर बोलू." ते नंतर आलंच नाही.

पुस्तिका परवा आमच्या शाळेत पोचली. ऋणनिर्देशात चित्रकार आहे, टंकलेखक आहे, सभागृह झाडणाऱ्या मावशी आहेत. त्या असाव्यातच. मी नाही. अकोल्याचंही नाव नाही.

मॅडम, हे शिकवणं तुम्ही कोणाच्या वर्गात बसून शिकलात? माझं नाव तुम्ही दिलंच नाही, की दिलेलं कोणी खोडलं? मला लेखी उत्तर पाहिजे, आणि ते तुमच्याच सहीनं पाहिजे.