आत माणूस बोलता हवा

सुलभा महाजनला लहानपणापासून गप्प माणसाची भीती वाटे. घरात कुणी जरा वेळ बोललं नाही की ती त्याची बाही ओढून विचारी, "काय झालं?" लोक हसत. तिला हसू येत नसे.

तिचे आबा, म्हणजे वडील गिरधर महाजन, केळी पिकवायच्या भट्टीत कामाला होते. बंद खोली, छतापर्यंत घड, कोंडलेली हवा. पिकता पिकता केळी जड वायू सोडतात. आतल्या माणसाला गुंगी येते, आणि गुंगी आली हे त्याचं त्याला कळत नाही. म्हणून त्या भट्टीवर एक रिवाज होता. एकानं आत जायचं, दुसऱ्यानं दारात बसायचं, आणि आतल्यानं सारखं बोलत राहायचं. शिव्या, बाजारातल्या गप्पा, बायकोची तक्रार, काहीही. आवाज थांबला की दारातल्यानं आत धावायचं आणि ओढून काढायचं. दारात आबांचा जोडीदार कडू बसे. शाळेतून येताना सुलभा तिथं थांबे आणि आबांचा आवाज ऐकूनच घरी जाई.

पुढं भट्ट्या गेल्या, केळी पिकवायचे यंत्रांचे चेंबर आले; आबा आणि कडू तिथं कामाला लागले. ती वर्षं जोडणीची होती. जो तो प्रत्येक गोष्ट दुसऱ्या गोष्टीला जोडत सुटला होता. चेंबरमधलं वायू मोजणारं यंत्र सर्व्हरला, सर्व्हर मोबाइलला, मोबाइल माणसाला. इंदूरच्या ज्या कंपनीकडे हे जोडण्याचं काम होतं, तिथं सुलभाला टेस्टरची नोकरी लागली. गावातच, सिंधीपुऱ्यातल्या घरी बसून ती काम करी. अ‍ॅपनं विचारायचं, तीन नंबरात वायू किती? सर्व्हरनं उत्तर द्यायचं. आकडा मर्यादेच्या खाली असला की चेंबरच्या दारावर हिरवा दिवा, नाहीतर लाल. ते उत्तर नीट येतं की नाही, हे पाहणं सुलभाचं काम.

दिवे लागले त्याच आठवड्यात आबांनी रिवाज मोडला.

"आता आत कायले बडबडू?" ते म्हणाले. "घसा सुकते. दिवा आपल्या सुलभानं तपासेल आहे."

"आबा, बोलत राहा ना. काय बिघडतं?"

"घाबरट! आपल्याच कामावर भरोसा नाही का तुला?"

कडूला मालकानं गाड्या भरायला लावलं. दार ओकंबोकं झालं.

एका दुपारी ती जुन्या टेस्ट, म्हणजे तपासणीचे छोटे प्रोग्राम, पुन्हा लिहीत होती. जुन्या टेस्ट दोनच गोष्टी विचारत: उत्तर आलं का, आणि त्यात वायूचा रकाना आहे का. तिचा वरिष्ठ यादव तेव्हा म्हणाला होता, "रिस्पॉन्स आया ना? फील्ड है ना? पास करो, आगे बढ़ो." तिनं पास केलं होतं. आज तिनं एक ओळ वाढवली. रकान्यात संख्याच हवी. मजकूर नको, हो-नाही नको, रिकामंही नको. आणि टेस्ट चालवली. पास झाली की हिरवी, नापास झाली की लाल.

लाल.

संख्या हवी होती, रिकामं मिळालं. चेंबर तीन.

आपलंच काहीतरी चुकलं असेल, असं तिला वाटलं. तिनं पुन्हा चालवली. पुन्हा लाल. मग मोबाइलवर पाहिलं. चेंबर तीन, हिरवा.

रकाना होता. रकान्यात काहीच नव्हतं. आतलं यंत्र मुकं झालं होतं, आणि अ‍ॅप त्या मुकेपणाला शून्य समजत होतं. शून्य कुठल्याही मर्यादेच्या खालीच असतं. "माहीत नाही" आणि "धोका नाही" हे दोघे एकच सदरा घालून उभे होते, आणि तिनं त्यांना पास करून आत सोडलं होतं.

तीन नंबर आबांचा.

तिनं फोन लावला. वाजत राहिला. फोन सदऱ्याच्या खिशात, सदरा बाहेरच्या खुंटीवर, हे तिला ठाऊक होतं. तरी ती लावत राहिली. मालकाचा फोन बंद. मग ती स्कूटी काढून निघाली. स्टेशनाकडे जाणाऱ्या लालबागच्या रस्त्यावर मालाच्या गाड्या आडव्या, हॉर्न, धूळ, आणि तिच्या कानात फक्त एक न येणारा आवाज.

चेंबरच्या आवारात कडू ट्रकवर क्रेट चढवत होता.

"कडूकाका, आबा कुठंयत?"

"आत गेले ना. दिवा हिरवा हाये, बघ."

दार ओढून घेतलेलं होतं. वर हिरवा दिवा, शांत, झोपलेल्या लेकरासारखा. ती ओरडली, "आबा! बोला!" आतून काही नाही. कडूचा चेहरा एकदम जुना झाला, भट्टीच्या दारातला. त्यानं क्रेट टाकलं, दार सताड उघडलं, छाती भरून श्वास घेतला आणि आत घुसला. सुलभानं हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याचं बटण दाबलं.

क्रेटच्या रांगेमागं आबा भिंतीला टेकून बसले होते, विसाव्याला बसावं तसे. कडूनं काखेत हात घालून ओढत आणलं. उन्हात निजवल्यावर बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले, आणि ओकले. कडूनं आत जाऊन यंत्राची वायर आणून दाखवली. उंदरांनी कुरतडलेली.

"डोकं ठणकते," आबा म्हणाले. मग तिला पाहून, "तू इथं कशी? दिवा तं हिरवा होता ना."

तिनं त्यांचं तोंड पुसलं.

अ‍ॅपची दुरुस्ती संध्याकाळपर्यंत झाली. आता रकाना रिकामा आला की दिवा लाल होतो. तिनं प्रत्येक रकान्याचा प्रकार तपासला. यादव म्हणाला, "बढ़िया काम किया."

आबा बरे झाले आणि पुन्हा कामावर जाऊ लागले. दिव्यावर भरोसा होताच, आता तो वाढला होता. "माह्या पोरीनं मले मरणाच्या दारातून आणलं," ते चारचौघांत सांगत. ते ऐकलं की सुलभा तिथून उठून जाई; पास तिनंच केलं होतं.

एके सकाळी ती लॅपटॉप घेऊन चेंबरच्या दारात जाऊन बसली, कडूच्या जागी.

"हे काय वं?" आबा हसले. "दिवा हिरवा हाये."

"असू दे. तुम्ही बोला."

"काय बोलू?"

"काहीही. पण थांबू नका."

आबा आत गेले आणि कुरकुरत बोलू लागले. केळीची जात, गुडघा, तिची आई, तिच्या लग्नाची काळजी. ती टाइप करत ऐकत होती. मध्येच आबा श्वास घ्यायला थांबले.

तिची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. वर हिरवा दिवा होता.

"आबा?"